तबकडीची दुसरी बाजू : 'दि इनर लाइट' आणि मुंबईचे वादक

ग्रामोफोनच्या तबकडीला दोन बाजू असतात, ही गोष्ट आता बव्हंशी जुन्या पिढीच्या आठवणीत उरली आहे. तथापि संगीताच्या अभ्यासकाला ती विसरून चालावयाचे नाही. प्रारंभीच्या तबकड्या एकाच बाजूने कोरलेल्या असत. १९०४ साली ओडियन ह्या जर्मन कंपनीने दोन्ही बाजूंना ध्वनी असलेल्या तबकड्या विक्रीस आणल्या आणि थोड्याच वर्षांत तोच प्रघात सर्वत्र रूढ झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. नाट्यपदांच्या तबकडीत दोन बाजूंना दोन पदे येत, ख्यालाच्या तबकडीत कधी एकाच रागाचे दोन भाग येत. आणि ऐकणारा घरधनी एक बाजू संपताच उठून तबकडी उलटी करी. त्या काळच्या आपल्या श्रोत्याच्या लेखी दोन्ही बाजूंचा मान बहुधा सारखाच होता.

पहिली बाजू श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ हा भेद पुढे इंग्लंड-अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या व्यापारातून दृढ झाला. ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी १९४९ मध्ये निघाली. तिच्या एका बाजूवर रेडिओने वारंवार वाजवावे असे गीत घालावयाचे आणि उलट बाजूवर जे हाताशी असेल ते, अशी वहिवाट पडली. पहिल्या बाजूस 'ए' व दुसऱ्या बाजूस 'बी' अशी अक्षरे मिळाली. विक्रीवरील रचनाकाराचे मानधन मात्र दोन्ही बाजूंना सारखेच मिळे. त्यामुळे ज्या गीताकडे कोणी लक्षही देणार नाही, त्या गीताच्या जागेसाठीही आतून चढाओढ चाले. दुसऱ्या बाजूचे गीत हे असे विलक्षण स्थानी असते : ते लाखो घरांत पोहोचते आणि तरीही न ऐकलेले राहते.

प्रस्तुत लेखात अशाच एका गीताचा विचार करावयाचा आहे. बीटल्स ह्या ब्रिटिश वाद्यवृंदाची 'लेडी मॅडोना' ही तबकडी १५ मार्च १९६८ रोजी इंग्लंडमध्ये पार्लोफोन कंपनीने आर ५६७५ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध केली. तिच्या उलट बाजूस जॉर्ज हॅरिसन ह्यांची 'दि इनर लाइट' ही दोन मिनिटे छत्तीस सेकंदांची रचना होती. बीटल्सच्या सुट्या तबकडीवर हॅरिसन ह्यांची रचना येण्याचा तो पहिलाच प्रसंग. अमेरिकेत बिलबोर्ड पत्राच्या पहिल्या शंभर गीतांच्या यादीत ह्या दुसऱ्या बाजूने स्वतंत्रपणे एक आठवडा स्थान मिळविले, तेही ९६ वे. त्यानंतर ती विस्मृतीत गेली, आणि ह्याला एक अगदी साधे कारण होते. वृंदाच्या कोणत्याही दीर्घ तबकडीत तिचा समावेश नव्हता. १९७८ मध्ये इंग्लंडात निघालेल्या दुर्मिळ गीतांच्या संग्रहात ती आली, आणि १९८८ च्या 'पास्ट मास्टर्स' ह्या संग्रहामुळे सर्वांच्या हाती सहज लागली. म्हणजे मधली वीस वर्षे ती ऐकावयाची तर मूळ तबकडी शोधावी, ती उलटी करावी आणि सुई ठेवावी, एवढा उद्योग बहुतेकांना करावा लागत असे.

असा उद्योग करणारे लोक थोडे असतात, परंतु ते निष्ठावंत असतात. पुढील काळात ह्या गीताला जी कीर्ती लाभली ती त्यांनीच टिकवून धरली. १९९२ मध्ये 'स्टार ट्रेक' ह्या अमेरिकन दूरदर्शन-मालिकेतील एका गाजलेल्या भागाला ह्या गीताचे नाव देण्यात आले. त्या भागाचे लेखक मॉर्गन जेंडेल ह्यांनी ते नाव येथूनच घेतल्याचे सांगितले आहे. हॅरिसन ह्यांच्या निधनानंतर वर्षाने, २९ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या स्मरणमैफलीत जेफ लिन ह्यांनी ते गायिले व अनुष्का शंकर ह्यांनी त्याला सतारीची साथ केली. २०२० च्या महासाथीत, घराबाहेर पडणे दुरापास्त झाले असता, हॅरिसन ह्यांच्या नावे चालणाऱ्या न्यासाने हेच गीत पुढे करून निधी गोळा केला.

ही निवड सार्थच होती, कारण गीताचा विषयच मुळी घराबाहेर न पडण्याचा आहे. केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो ह्यांनी १९६७ च्या उत्तरार्धात हॅरिसन ह्यांना पत्र लिहून आपला 'लॅम्प्स ऑफ फायर' हा धर्मवचनांचा संग्रह धाडला आणि त्यातील लाओत्सेच्या ४७ व्या प्रकरणाला चाल लावावी असे सुचविले. दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते, आणि मनुष्य जितका दूर जातो तितके त्याचे ज्ञान उणावत जाते, असा त्या प्रकरणाचा आशय. मास्कारो ह्यांचे भगवद्गीतेचे (१९६२) व उपनिषदांचे (१९६५) इंग्रजी अनुवाद आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांत आहेत. परंतु चिनी ग्रंथातील वचन एका संस्कृतज्ञाने एका इंग्रज गायकाला सुचवावे आणि त्याला भारतीय वाद्ये लाभावीत, हा योगायोग त्यांच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसावा. दूर जाऊ नये असे सांगणाऱ्या ह्या गीताच्या ध्वनिमुद्रणासाठी रचनाकार लंडनहून मुंबईस आला, ह्यातील विनोदही येथे नमूद करावयास हरकत नाही.

ह्या गीतावर जे रसग्रहणपर लेखन झाले आहे त्यातील बहुतेक लेखन वर दिलेल्या आशयाभोवती फिरते : हॅरिसन ह्यांचा आध्यात्मिक प्रवास, लाओत्से, शब्दांचे साधेपण, चालीचे माधुर्य. वृंदातील सहकारी पॉल मॅकार्टनी ह्यांनीही त्या काळी श्रोत्यांना असे सुचविले होते की, भारतीय वादन क्षणभर बाजूला ठेवावे आणि नुसती चाल ऐकावी. ही शिफारस सद्भावाची होती ह्यात संशय नाही. तथापि जे बाजूला ठेवावयाचे ते काय होते, आणि ते बाजूला ठेवल्यावर शिल्लक किती राहते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

हा प्रश्न ज्या रीतीने आमच्यापुढे आला ती रीत सांगण्याजोगी आहे. पनवेल-उरण मार्गावरील जासई येथे एका स्नेह्यांच्या घरी काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत जुन्या तबकड्या ऐकण्याचा योग आला होता. घरातील एक वृद्ध आजी दाराशी बसून ऐकत होत्या. गावातील लग्नांत धवले गाण्यासाठी त्यांना एके काळी बोलावणे येत असे. इंग्रजी शब्द त्यांना कळण्याचे कारण नव्हते. 'दि इनर लाइट'चे पहिले वादन सुरू होताच त्यांनी मान वर केली, ही तर सनई आहे असे म्हटले, आणि ती कोण वाजवीत आहे असे विचारले. विद्यार्थ्यांनी गायकाचे नाव सांगितले. ते त्यांनी विचारलेच नव्हते. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदावर गीताचे नाव, रचनाकाराचे आडनाव आणि वृंदाचे नाव होते. सनई वाजविणाऱ्याचे नव्हते, कोणत्याच वादकाचे नव्हते. प्रश्नाला उत्तर देता आले नाही आणि विद्यार्थी थोडे खजील झाले.

ह्या गीतातील एकही वाद्य बीटल्सपैकी कोणी वाजविलेले नाही, हे येथे स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. त्यांचा सहभाग केवळ कंठाचा आहे : गायन हॅरिसन ह्यांचे, आणि अखेरच्या ओळीपाशी लेनन व मॅकार्टनी ह्यांचा मिळालेला स्वर. गायन लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ६ फेब्रुवारी व ८ फेब्रुवारी १९६८ रोजी झाले. त्याखालील समग्र वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत असलेल्या हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले होते. हॅरिसन त्या वेळी 'वंडरवॉल' ह्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईस आले होते, आणि त्या कामातून उरलेल्या वेळात ह्या गीताचे वादन मुद्रित करण्यात आले.

त्या स्टुडिओची अवस्था कशी होती, हे हॅरिसन ह्यांच्या नंतरच्या आठवणींतून समजते. मुंबईच्या शाखेत दोन पट्ट्यांचे स्टीरिओ यंत्र नव्हते. कंपनीचे भारतातील प्रमुख भास्कर मेनन ह्यांनी ते कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. (हेच मेनन पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले व नंतर ईएमआयच्या जगभरच्या संगीत-व्यवसायाची धुरा त्यांच्याकडे आली.) खोलीच्या भिंती बाहेरचा आवाज अडवीत नसत. रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज काही मुद्रणांत उतरलेला आहे असे हॅरिसन म्हणत. आणि सायंकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकून मंडळींच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे. फोर्टातील संध्याकाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. उरण, न्हावा, जासई ह्या बाजूची जी माणसे त्या काळी फोर्टात नोकरीस असत, त्यांनाही सुटी झाल्यावर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच गाठण्याची घाई असे. हॅरिसन ह्यांचे वादक ज्या पावलांचा आवाज संपण्याची वाट पाहत बसले, त्यांत खाडीपलीकडची काही पावले असणे अशक्य नाही. एवढ्या खटपटीने आणलेल्या स्टीरिओ यंत्रावर मुद्रित झालेले हे गीत १९६८ च्या तबकडीवर मोनो स्वरूपातच प्रसिद्ध झाले, हेही जाता जाता सांगून टाकू.

आता वादनाकडे वळू. हॅरिसन ह्यांच्या ह्यापूर्वीच्या दोन भारतीय धाटणीच्या रचना, म्हणजे १९६६ ची 'लव्ह यू टू' व १९६७ ची 'विदिन यू विदाउट यू', लंडनमध्ये तेथील भारतीय वादकांच्या साहाय्याने मुद्रित झाल्या होत्या, आणि त्यांत सतार अग्रभागी होती. 'दि इनर लाइट'मध्ये सतार नाही. येथे सरोद, सनई, बासरी, हार्मोनियम आणि पखवाज ह्यांचा मेळ आहे. रचनेचे दोन घटक एकमेकांशी विरोध साधतात. आरंभी व कडव्यांच्या मध्ये जलद लयीतील वाद्यखंड येतात. त्यांत सरोद व सनई परस्परांस प्रश्नोत्तर करतात. गायन सुरू होताच लय संथ होते, तालवाद्य मागे सरते आणि बासरी व हार्मोनियम गळ्याच्या सोबत चालू लागतात. स्वरांचा विचार केला तर पाश्चात्त्य अभ्यासक ज्याला मिक्सोलिडियन म्हणतात ती पंक्ती, अर्थात आपला खमाज थाट, ह्या चालीला आधारभूत आहे. रागाचा विस्तार येथे नाही आणि तो अपेक्षितही नाही. तीन मिनिटांच्या आत मुखडा, अंतरा आणि मधले वाद्यखंड बसविण्याची ही शिस्त रागदारीच्या मैफलीतली नसून मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणातली आहे, असे आमचे मत आहे. लंडनमध्ये मुद्रित झालेल्या आधीच्या दोन रचनांत वादक आपल्याला काय करावयाचे आहे ते जणू चाचपडत शोधत आहेत असा भास होतो. येथे तो होत नाही. एका खुणेवर एकत्र सुरू होणे, एका खुणेवर लय बदलणे आणि गायक अजून खोलीत नसतानाही त्याच्यासाठी जागा सोडून वाजविणे, ह्या गोष्टी मुंबईच्या वादकांना रोजच्या होत्या. शेवटचा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. वादन आधी मुंबईत झाले, गायन नंतर लंडनमध्ये. बासरीने ज्या गळ्याची सोबत केली तो गळा तिने ऐकलेलाच नव्हता.

हे वादक कोण होते? 'वंडरवॉल म्युझिक' ही चित्रपटसंगीताची दीर्घ तबकडी १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये निघाली. तिच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावे छापलेली आहेत, ही त्या काळाच्या मानाने चांगली गोष्ट होय. सरोदवर आशिष खाँ, तबला व पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य व शंकर घोष, सूरबहारावर चंद्रशेखर, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम व तबलातरंगावर रिजराम देसाद, बासरीवर एस. आर. केंकरे, आणि सनईवर शरद व हनुमान हे दोघे. दुसऱ्या बाजूचे गीत त्याच दिवसांत, त्याच खोलीत मुद्रित झाले; परंतु ते ह्या दीर्घ तबकडीत नसल्यामुळे त्यातील वादक ह्या यादीवरून केवळ अनुमानाने ठरवावे लागतात. पुढे तयार झालेल्या सूचींत आशिष खाँ, महापुरुष मिश्र, हनुमान, रिजराम देसाद ह्यांची नावे दिली जातात. बासरीच्या बाबतीत मात्र घोळ आहे. दीर्घ तबकडीच्या वेष्टनावर केंकरे ह्यांचे नाव आहे. नंतरच्या सूची 'दि इनर लाइट'च्या बासरीसाठी हरिप्रसाद चौरसिया ह्यांचे नाव देतात. चौरसिया त्या वेळी मुंबईतच होते व चित्रपटांसाठी वाजवीत होते, त्यामुळे ते असंभव नाही. तथापि सूचींच्या बाबतीत एक स्वाभाविक प्रवृत्ती अभ्यासकाने नेहमी ध्यानात ठेवली पाहिजे : दोन नावांपैकी जे नाव पुढे जगप्रसिद्ध झाले, त्याकडे श्रेय आपोआप सरकत जाते. कोकण-गोमंतकातील आडनावाचा एक वादक वेष्टनावरून खाली पडला असेल, तर तो ढकलला गेला की घसरला हे तपासल्यावाचून मान्य करता येणार नाही.

नावांच्या बाबतीत दुसरी अडचण लिपीची आहे, आणि ती मराठी अभ्यासकानेच सोडवावयाची आहे. लंडनमध्ये छापलेल्या वेष्टनावर मुंबईच्या माणसांची नावे रोमन वर्णांत, बहुधा ऐकून, लिहिली गेली. शिवकुमार शर्मा ह्यांच्यासारख्यांचे आडनावही तेथे चुकीचे छापले गेले आहे. सनईवादकांचे आडनाव छापील स्वरूपात 'जादेव' असे वाचावे लागते. मराठी वाचक क्षणभरही न थांबता ते 'जाधव' असावे असे म्हणेल, आणि आम्हांसही तसेच वाटते; परंतु इंग्रजी ग्रंथांतून गेली पन्नासांहून अधिक वर्षे 'जादेव'च छापले जात आहे. रिजराम ह्यांचे आडनाव नागरीत आणताना शेवटी 'द' लिहावा की 'ड', हे रोमन वर्णांवरून कळत नाही. एक अक्षर चुकले की त्या मनुष्याचे कुटुंब, गाव, गुरुपरंपरा, आकाशवाणीवरील नोंद ह्यांपैकी कशाशीच त्याचा धागा जुळत नाही. नाव छापूनही मनुष्य हरवू शकतो, त्याचे हे उदाहरण आहे.

येथे आपल्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणपरंपरेकडे पाहिल्यावाचून पाश्चात्त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यास फ्रेड गेसबर्ग ह्यांनी गौहरजान ह्यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताना त्या आपले नाव मोठ्याने उच्चारीत. मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हर येथे तबकड्या काढण्यासाठी जात आणि तेथील कामगारांना कलावंत कोण हे कळावे म्हणून ही योजना होती. हेतू व्यवहाराचा असेल, पण परिणाम असा झाला की कलावंताचे नाव तबकडीच्या ध्वनीतच कोरले गेले. कागद फाटला तरी ते जात नाही. उलटपक्षी १९४९ च्या 'महल' चित्रपटातील प्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकर ह्यांचे नाव नव्हते, चित्रपटातील 'कामिनी' ह्या पात्राचे होते. पार्श्वगायकांना तबकडीवर नाव मिळाले ते त्यानंतर. वादकांना तर पुढेही क्वचितच मिळाले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पंजाबी, गोमंतकीय, बंगाली, मराठी अशा शेकडो वादकांनी व संयोजकांनी जे काम केले, त्याचा पद्धतशीर वृत्तान्त ग्रेगरी बूथ ह्या अभ्यासकाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बिहाइंड द कर्टन' ह्या ग्रंथात प्रथम विस्ताराने आला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे रसिकांना त्यामानाने उशिराच परिचित झाली. तेव्हा हॅरिसन ह्यांच्या दुसऱ्या बाजूवर वादकांची नावे नाहीत, ह्यात मुंबईच्या वादकांना त्या वेळी काही वावगे वाटले असेल असे समजू नये. त्यांच्या धंद्याची ती रीतच होती.

बीटल्सच्या बाबतीत तर ही रीत एकसारखीही नव्हती. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' ह्या दीर्घ तबकडीच्या वेष्टनावर अनिल भागवत ह्या तबलावादकाचे नाव स्वच्छ छापलेले आहे. त्याच गीतातील अन्य भारतीय वादकांचे नाही. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मधील भारतीय वादक पन्नास वर्षे अनामिकच राहिले. पुढे लिव्हरपूल विद्यापीठातील शोधामुळे त्यांची ओळख पटली : दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. ह्या यादीत एक जोशी आहेत, ह्याकडे मराठी अभ्यासकाचे लक्ष जावे. एवढ्या काळानंतरही नावे सापडू शकतात, हे ह्यावरून सिद्ध होते.

मात्र शोधाची साधने झपाट्याने कमी होत आहेत. शिवकुमार शर्मा मे २०२२ मध्ये व आशिष खाँ नोव्हेंबर २०२४ मध्ये निवर्तले. कागदी साधनांपेक्षा ध्वनीचे साधन येथे अधिक उपयोगी पडेल असे दिसते. २०१४ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक' पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा 'दि इनर लाइट'चे गायनाविना असलेले एक वेगळे मुद्रण त्यात जोडण्यात आले. गळा काढून घेतल्यामुळे बासरी, सनई व सरोद तेथे उघडी पडली आहेत. बासरीची फुंक, मींड घेण्याची ढब, स्वरावर थांबताना दिलेला कंप ह्यांची तुलना त्याच काळातील निश्चित श्रेयाच्या मुद्रणांशी करता येईल. 'वंडरवॉल'मधील बासरीचे खंड एका बाजूस आणि चौरसिया ह्यांची त्या काळची ध्वनिमुद्रणे दुसऱ्या बाजूस ठेवून हे काम एखाद्या विद्यार्थ्याने केले, तर ते प्रबंधिकेला पुरेल.

कोळीवाड्यांच्या बाबतीत मात्र असे कोणतेही साधन हाती नाही. किंक्स ह्या दुसऱ्या ब्रिटिश वृंदाचे रे डेव्हिस जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियास जाताना मुंबईत थांबले होते. भल्या पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचे सामूहिक गाणे त्यांनी ऐकले, आणि त्यावरून 'सी माय फ्रेंड्स' हे गीत सुचले असे त्यांनी सांगितले आहे. ते जुलै १९६५ मध्ये निघाले, म्हणजे बीटल्सच्या सतारीच्या पहिल्या गीतापूर्वी चार महिने. वृंदाच्या अन्य गीतांच्या मानाने त्याला यश बेताचेच लाभले. परंतु जोनाथन बेलमन ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय प्रभावाच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्या पहाटे गाणारे कोण होते, काय गात होते, हे डेव्हिस ह्यांनी विचारले नाही आणि त्यांनी विचारावे अशी अपेक्षाही नाही. एक सबंध गीत ज्या आवाजावरून निघाले, तो आवाज मात्र कोणत्याही तबकडीच्या कोणत्याही बाजूवर नाही.

जासईच्या आजींच्या प्रश्नाचा उलगडा आम्हांस थोडा नंतर झाला. आगरी समाजातील लग्नात धवलारीण धवले गाते, विधीही तिच्या गाण्याबरोबर चालतात. ते गाणे कोणी रचिले हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु अमक्या लग्नात धवले कोणी म्हटले होते, हे गावातील माणसे वीस वर्षांनीही सांगतात. तबकडीवरचा न्याय नेमका ह्याच्या उलट आहे. तेथे रचणाऱ्याचे नाव कायम राहते आणि वाजविणाऱ्याचे पुसले जाते. आजींना रचनाकाराचे नाव सांगितले तेव्हा त्यांना ते अनावश्यक वाटले, ह्यात अज्ञान नव्हते. त्यांच्या परंपरेत नाव राखण्याची जागाच वेगळी आहे. ह्या परंपरेतून येणारा विद्यार्थी जेव्हा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाकडे वळेल, तेव्हा इंग्रज रसिकाला न सुचलेले प्रश्न त्याला सहज सुचतील असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या भेटीत आजींना हनुमान व शरद ही नावे सांगितली आणि आडनाव बहुधा जाधव असावे असेही सांगितले. त्यांनी लगेच गाव विचारले. ते अद्याप सांगता आलेले नाही. आमच्या टिपणवहीत सनईवादकांची नोंद 'जाधव' ह्या आडनावाखाली करून पुढे प्रश्नचिन्ह ठेविले आहे, व 'जादेव' ह्या नोंदीपुढे 'जाधव पाहा' असे लिहिले आहे. बासरीच्या रकान्यात केंकरे व चौरसिया ही दोन्ही नावे तूर्त तशीच ठेवली आहेत, केंकरे ह्यांचे आधी.